लाल रेघेच्या अलीकडे

मित्रांनो, लोखंडाला हेवा वाटतो का, असं तुम्हाला कुणी विचारलं तर हसू नका. वाटतो. मी एक जुनी लोखंडी ट्रॉली आहे. जळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात आजारी माणसांना आडवं निजवून इकडून तिकडे नेणारी, चार चाकांची. मला पोट नाही, तरी सात-आठ महिने माझ्या पोटात सारखं दुखत होतं. त्या दुखण्याची ही हकिकत आहे. स्वतःची लाज स्वतःच सांगणं काही सोपं नसतं, पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

माझा जन्म धुळ्याचा, १९८२ सालचा. लोखंडी कपाटं आणि खाटा बनवणाऱ्या एका शेडमध्ये धनसिंग नावाच्या वेल्डरने मला जोडलं. त्याने नळ्या कापल्या, वाकवल्या, एकमेकींना चिकटवल्या आणि प्रत्येक सांधा मशीनवर घासून गुळगुळीत केला. डोक्याकडचा उजवा कोपरा तेवढा घासायचा राहिला होता आणि नेमकी लाईट गेली. धनसिंग घाम पुसत म्हणाला, "राहू दे आते. सकाय घासूत." सकाळी घासण्याआधीच ट्रक दारात उभा राहिला. त्या कोपऱ्यावर वेल्डिंगचं एक वाकडं, टोकदार बोंड तसंच राहून गेलं, मांजराच्या नखाएवढं. मी त्याला माझं नखच म्हणते. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पारोळा, एरंडोल करत मी जळगावला आले. तिथे मला वना भेटला. वना म्हणजे आमच्या रुग्णालयातला वॉर्डबॉय, दोंडाईच्याकडचा, उंच, हडकुळा, बोलण्यात एकदम मोकळा. माझ्यावरची धुळ्याची चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "धुळानी शे का? मंग आपला मुलूखनीच शे ही!" तेव्हापासून मी वनाची आणि वना माझा. दर सोमवारी तो शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन माझ्यापाशी उकिडवा बसे आणि चारी चाकांना दोन-दोन थेंब देई. दसऱ्याला माझ्या दांडीला झेंडूची माळ बांधून हळदकुंकू लावी. दसऱ्याला लोखंडाची पूजा असते ना! शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतात, तसा वना मला पुजायचा. मला वाटायचं, हे असंच चालणार.

सोळा वर्षांत माझ्यावर कोण कोण निजलं, ते सांगत बसले तर तुमची शाळा सुटेल. केळीचा घड उतरवताना पाटात पडलेली माणसं आली, जिनिंगच्या पट्ट्यात हात अडकलेली आली, चाळीसगावचं आख्खं वऱ्हाड एकदा टेम्पो उलटून आलं. पण एक प्रसंग सांगायलाच हवा.

१९८६ साली एका भर दुपारी पहूरहून जीप आली. जीपमध्ये कुंदाबाई होती, घरी बाळंत झालेली आणि रक्त थांबत नसलेली. तिच्या डोक्याखाली सासूने गोधडीत गुंडाळून अडकित्ता ठेवला होता. त्यांच्याकडे तशी रीतच आहे. बाळंतीण असो की दुखणेकरी, उशाशी लोखंड ठेवायचं, म्हणजे बाहेरचं काही जवळ येत नाही. ठेवायचं मात्र गुपचूप. बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो. मी लोखंडच असल्यामुळे गोधडीतूनही मला तो अडकित्ता ओळखू आला. लोखंडाला लोखंड कळतं.

तिचा नवरा उखर्डू माझी दांडी धरून माझ्याबरोबर धावत होता. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं होतं, नजर लागू नये म्हणून. पायात वहाणा नव्हत्या. फरशीवर त्याचे अनवाणी पाय थपाथपा वाजत होते आणि माझी चाकं त्या पायांशी पळत होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात कुंदाबाईला उचलताना तिचं लुगडं माझ्या नखात अडकलं आणि टरकन फाटलं. वनाने मला शिव्या घातल्या. पण कुंदाबाई वाचली. घरी जाताना ती फाटकं लुगडं नेसून माझ्यापाशी आली, माझ्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "हिनं मले धरून ठेवलं व्हतं, माय. जाऊ देल्लं नई."

त्यानंतर वनाने नख घासायला कानस आणायचं जे ठरवलं, ते रोज उद्यावर गेलं. खरं सांगायचं तर त्याचं मनच झालं नसावं.

मग १९९८ साल उजाडलं आणि माझे दिवस फिरले.

त्या उन्हाळ्यात रुग्णालयाची एक भिंत पाडली आणि क्रेनने एक भलंमोठं पांढरं धूड आत ठेवलं. चुंबकाचं मशीन. मधोमध आरपार भोक, त्यात माणूस सरकवायचा. गावाकडचे लोक त्याला बोगदाच म्हणू लागले. मशीन चालवायला पंडित नावाचा टेक्निशियन आला. मुंबईला शिकून आलेला, चष्मेवाला, हळू बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या कामगारांना गोळा करून सांगितलं, "हे चुंबक दिवसरात्र चालू असतं. वीज बंद केली तरी ओढत असतं. लोखंडाची वस्तू आत गेली तर ती गोळीसारखी उडेल. आमच्या शिकण्याच्या जागी एकदा नर्सच्या खिशातली कात्री उडाली. मशीन आठ दिवस बंद होतं. नशीब, कुणाला लागली नाही."

हे चालू असतानाच वना मला घेऊन सवयीप्रमाणे त्या खोलीच्या दारापर्यंत आला. दार उघडं होतं. आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी हाताने न ढकलता पुढे ओढलं. अगदी हलकेच. माझ्या नळ्यानळ्यांतून काहीतरी सरकलं. पंडित ओरडला, "मागे! ट्रॉली मागे घ्या!" त्याच दिवशी त्याने दारापासून चार पावलं अलीकडे फरशीवर लाल रेघ मारली. लोखंडाने ती ओलांडायची नाही. दारावर पाटी लागली: 'अंगावर लोखंड असल्यास बाहेर काढून ठेवावे.'

आता आत माणसं न्यायची कशावरून? एका सुताराकडून सागवानी ट्रॉली करून घेतली. पितळी स्क्रू, नायलॉनची चाकं, लोखंडाचा एक खिळा नाही. वर चकचकीत पॉलिश. ती आली आणि वनाला तिच्यावर नेमलं. सोमवारचं तेल माझ्या वाट्याला येईना. नायलॉनच्या चाकांना तेल लागतच नाही म्हणे, म्हणून बाटलीच कुठेतरी फडताळात गेली.

माझी अवस्था काय झाली, ते तुम्हाला कसं सांगू? सवत घरात आली की पहिलीच्या अंगाचा तिळपापड होतो म्हणतात, तसं झालं. मी वॉर्डातून माणूस आणायचा, लाल रेघेपर्यंत पोचवायचा आणि तिथे त्या बयेच्या हवाली करायचा. ती ऐटीत आत जायची. आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट ऐका. त्या चुंबकाला ओढ कुणाची? माझी! सागाला ओढ कळते का? तिला आत काही म्हणजे काही वाटत नव्हतं. म्हणूनच तर तिला आत घेत होते. ज्याला ओढ आहे त्याने बाहेर राहायचं आणि जी ठोकळा आहे तिने रोज आत जायचं, हा कुठला न्याय?

दसरा आला. मी सकाळपासून वाट पाहत होते. वना झेंडूची माळ घेऊन आला आणि माझ्यासमोरून जाऊन ती सागवानीला बांधली. दसऱ्याला लाकडाची पूजा! मला हळदीचं बोटसुद्धा लावलं नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी सोसत होते, पण त्या दिवशी माझा तोल गेला. दुपारी वना मला तिच्या शेजारी उभं करायला गेला, तेव्हा मी माझं नख तिच्या पॉलिशवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. पांढरी रेघ उमटली. वना हळहळला आणि माझ्याकडे रागाने बघून म्हणाला, "आते कानस आनस, नि हाई टोक घासीच टाकस. माजनी शे ही म्हतारी."

म्हातारी! सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला म्हातारी म्हटलं. मी मनात ठरवलं, एक ना एक दिवस त्या सागवानीची आणि तिच्या त्या बोगद्याची चारचौघांत फजिती झालेली मला बघायचीच आहे.

ती संधी चालून आली जानेवारीत.

पहूरहून उखर्डूनाना आला. हो, तोच. आता तो नाना झाला होता, मिशा पिकल्या होत्या. पण ज्या पायांनी तो माझ्याबरोबर धावला होता, ते पाय संपत आले होते. कुंदाबाई वॉर्डात डॉक्टरांना सांगत होती, "चाळीस पावलं चालले का पोटऱ्या भरून येतात. उभे राह्यले का उतरते. मंग परत चाळीस पावलं. केळीच्या बागात एका सरीत तीनदा थांबतात. आन आता तं झोपेतबी पाय दुखू राह्यला." उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. पाय माझ्या नळीला टेकला, तर तो माझ्यापेक्षा गार होता. बिड्यांनी रक्ताच्या वाटा बुजवल्या होत्या.

सर्जनसाहेब शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत सांगणारे होते. माझ्या काठावर बसून ते म्हणाले, "नाना, पोटात रक्ताचा मोठा पाट आहे. बेंबीपाशी तो फुटतो आणि एकेक चारी एकेका पायात जाते. तुमच्या दोन्ही चाऱ्या वरच बुजल्यात. जांघेत नाडीच लागत नाही, त्यामुळे तिथून नळी घालून फोटो काढायची सोय नाही. म्हणून चुंबकाच्या मशीनमध्ये घालतो. हाताच्या शिरेतून औषध सोडायचं आणि पोटापासून घोट्यापर्यंत सगळ्या पाटांचा नकाशा काढायचा. खाली पोटरीत एखादी चारी जिवंत दिसली, तर वरून नवा पाट जोडून देऊ."

"आन नई दिसली तं?" नानाने विचारलं.

साहेबांनी गुडघ्याच्या वर तळहाताची कड ठेवली. "काळं वर चढतंय. थांबायला वेळ नाही. उद्या नकाशा मिळाला नाही, तर परवा पाय काढावा लागेल."

कुंदाबाईने पदर तोंडाला लावला.  नानाने माझी दांडी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन निघाले. वना मला ढकलत होता, कुंदाबाई बाजूने चालत होती. लाल रेघेपाशी थांबलो. पंडितने तिथेच नानाला श्वास रोखायची सवय करायला लावली. "नाना, पोटाचा फोटो निघताना वीस आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. सुटला तर नकाशा पुसट येईल." नाना बारापर्यंत गेला आणि खोकला. पुन्हा केलं, पंधराला खोकला. वना म्हणाला, "नाना, हिरमा बुडी मारतस ना, तशी मारा." 'हिर' म्हणजे विहीर हे नानाला कळलं. तो जरा हसला आणि तिसऱ्यांदा वीस आकडे काढले. त्या वीसही आकड्यांना त्याची मूठ माझ्या दांडीवर होती.

मग पंडितने रोजचा प्रश्न विचारला. "अंगावर काही लोखंड? चाव्या, नाणी, ताईत, करदोड्याला काही?" कुंदाबाईने चाव्या दिल्या, ताईत सोडून दिला, चुन्याची डबीसुद्धा काढून दिली. "आता अंगावर काही नाही ना, अक्का?"

"अंगावर नई काई," ती म्हणाली.

तिने खोटं सांगितलं नाही. अंगावर खरंच काही नव्हतं. पण नानाच्या डोक्याखाली जी गोधडी होती, तिच्या चौथ्या घडीत तोच अडकित्ता होता. तेरा वर्षांपूर्वीची माझी ओळख. नवऱ्याला अंधाऱ्या बोगद्यात घालणार म्हटल्यावर तिने उशाशी लोखंड ठेवलं होतं आणि रीतीप्रमाणे ते बोलून दाखवलं नव्हतं. पंडितने विचारलं अंगावरचं, तिने उत्तर दिलं अंगावरचं. आणि वर तोच म्हणाला, "आत गार असतं. गोधडी राहू द्या डोक्याखाली."

हे पंडित, वना आणि नाना या तिघांना ठाऊक नव्हतं आणि जिला ठाऊक होतं ती बोलणार नव्हती. मला मात्र सगळं कळत होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते ऐका आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा. मला आनंद झाला. वाटलं, जाऊ दे आत! सागवानीवरून अडकित्ता उडेल, बोगद्यात खणकन चिकटेल, मशीन आठ दिवस बंद पडेल. सगळे म्हणतील, काय हे नवं खूळ, आपली जुनी लोखंडी ट्रॉलीच बरी होती. वना तेलाची बाटली शोधू लागेल. मी काही करायचंच नव्हतं. मी मुकी. मुकीने गप्प राहणं हा काही गुन्हा नाही. असं मी स्वतःला बजावत होते.

सागवानी माझ्या कडेला येऊन लागली, रेघेच्या पलीकडून. वना, पंडित आणि मदतीला आलेले दोन वॉर्डबॉय अशा चौघांनी चादरीचे कोपरे धरले. "एक, दोन..." नानाने माझी दांडी सोडली. सोडताना त्याची टाच माझ्या कडेवरून घसरली, गार, जड, भेगाळलेली. आणि मला ती थपथप ऐकू आली. तेरा वर्षांपूर्वीची, फरशीवरची, अनवाणी. आठ दिवस मशीन बंद म्हणजे हेच पाऊल परवा कापून बादलीत जाणार होतं. आणि अडकित्ता उडणार होता तो त्याच्याच डोक्याखालून, त्याच्याच अंगावरून. मी ज्याला फजिती म्हणत होते, ती सागवानीची नव्हतीच. ती या माणसाची होती.

"तीन!" नाना पलीकडे गेला. गोधडी त्याच्या मागोमाग ओढली गेली आणि माझ्या नखात अडकली.

ती आपसूक अडकली की मी धरली, ते मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं, की मी ती सोडली नाही. वनाने एक हिसका दिला. मी सोडली नाही. दुसरा दिला. धागे करकरले. "आज तुले कापसच, म्हतारे!" अशी मला कापायची धमकी देत त्याने तिसऱ्या हिसक्यासाठी दोन्ही हातांनी गोधडी धरली. तिसऱ्याला ती फाटलीच असती आणि माझ्या नखातून सुटली असती.

"थांबा हो, वनाभाऊ!" कुंदाबाई ओरडली. ती माझ्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तिनं धरलं. मलेबी असंच धरलं व्हतं हिनं, माह्या लुगड्याले. ती उगी नई धरत."

 तिने गोधडी स्वतः सोडवली नाही. जिथे अडकली होती तिथेच घड्या उलगडत गेली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीतून अडकित्ता निघाला. काळा, जाड, पहूरच्या लोहाराने घडवलेला. तिने तो दोन्ही हातांत धरून पंडितपुढे केला.

पंडितने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.  मग म्हणाला, "अक्का, मी विचारलं होतं ना, अंगावर काही आहे का म्हणून?"

"अंगावर नवतं, भाऊ. उशाशी व्हतं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "सांगितलं का गुण जाते म्हणे. मी त्याह्यच्या जिवाले जपू राह्यली व्हती, आन मीच..."

पलीकडून, सागवानीवरून, नाना म्हणाला, "रडू नको व. सांगितलं ना आता? झालं."

पंडितने चष्मा पुसला. त्याने तिला एका शब्दानेही दुखावलं नाही, म्हणून तो मला तेव्हापासून आवडतो. तो म्हणाला, "अक्का, हा आत नको. पण तुम्ही तो टाकूनही देऊ नका. इथेच, याच ट्रॉलीच्या उशाशी ठेवा आणि तुम्ही जवळ बसा. राखण बाहेरूनही होते." आणि स्वतःच्या हाताने त्याने अडकित्ता माझ्या गादीच्या डोक्याशी ठेवला.

सागवानी आत गेली. दार लागलं. कुंदाबाई माझ्या काठाला टेकून उभी राहिली. आतून जिनिंगच्या मशीनसारखा धडधड आवाज सुरू झाला. मध्येच तो थांबला आणि शेजारच्या खोलीतून पंडितचा आवाज आला, "नाना, आता औषध सोडतोय. श्वास घ्या. सोडा. घ्या, आणि धरून ठेवा!" बाहेर कुंदाबाईनेही श्वास धरला. तिची बोटं माझ्या दांडीवर आवळली. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. बारा आले, पंधरा आले. मी कानोसा घेत होते, खोकला येतो का. अठरा, एकोणीस, वीस. "सोडा श्वास!" दोघांनी एकदमच सोडला असणार. मग मांड्यांचा नकाशा झाला, मग पोटऱ्यांचा. वनाही कुठे गेला नव्हता. तो माझ्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि नकळत त्याचा हात माझ्या नखावर फिरत होता.

दुपारी सर्जनसाहेबांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. काळ्यावर पांढऱ्या रेघा, झाडाच्या मुळांसारख्या. वर पोटात जाड रेघ, मग एकदम तुटलेली. साहेबांचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि उजव्या पोटरीवर थांबलं. "ही बघा. एक चारी जिवंत आहे. घोट्यापर्यंत गेलीय."

कुंदाबाई वाकून बघत म्हणाली, "एवढीशी? केळीच्या पानातल्या दोऱ्याएवढी?"

"पुरते तेवढी," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. काळा अंगठा गेला, पाय राहिला. ऑपरेशनला नेताना आणि आणताना नाना माझ्यावरच होता. आणताना त्याचं पाऊल माझ्या नळीला लागलं. ते ऊन होतं. त्या उबेचं मी काय वर्णन करू! सोळा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, तुझा हेवा गेला ना? छे हो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नाना बरा झाला म्हणून पेढे वाटले ते मशीनच्या खोलीत. हार घातला तो बोगद्याच्या दाराला. पेपरवाले आले, त्यांनी फोटो काढला पंडितचा, साहेबांचा आणि सागवानीचा. मी त्या फोटोत कुठेच नाही. माझं पोट पुन्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? हेवा गंजासारखा असतो. पुसला की जातो, ओल लागली की परत येतो. आपण पुसत राहायचं.

आणि त्याच आठवड्यात वना खरोखरच कानस घेऊन आला. माझ्या कोपऱ्यापाशी बसला. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. कुंदाबाई नानाच्या खाटेवरून उठून धावत आली. "नको हो, वनाभाऊ. राहू द्या ते." वना हसला. "घासतच नव्हतू, अक्का. येनी धार तेवढी बोथट करी देस. धरू दे तिले, पन फाडाले नको." त्याने नखाची अणी तेवढी हलकेच घासली, बोंड तसंच ठेवलं. मग खिशातून तेलाची बाटली काढली आणि चारी चाकांना दोन-दोन थेंब दिले. वारसुद्धा सोमवार नव्हता. पंडितने दारावरची पाटी बदलली. आता तिच्यावर आहे: 'अंगावर, खिशात किंवा उशाशी लोखंड असल्यास बाहेर काढून ठेवावे.' तो 'उशाशी' शब्द जरा मोठ्या अक्षरात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी उपदेश करायचा असतो, तर माझाही ऐका. घरात नवं काही आलं की जुन्याला कोपऱ्यात ढकलू नका, त्याला अधूनमधून दोन थेंब तेल द्या. आणि दुखणाईताच्या माणसाला काही विचाराल, तेव्हा तुमच्या शब्दांत विचारून थांबू नका. त्याच्या शब्दांतही विचारा, आणि उत्तर देताना त्याला भीती वाटणार नाही असं विचारा.

एवढं बोलून मी निरोप घेतला असता, पण चैत्रातली एक सकाळ सांगायची राहिली. त्या सकाळी उखर्डूनाना दाखवायला आला. पायांत नव्या वहाणा होत्या. तो वॉर्डाच्या दारात माझ्यापाशी आला, वनाला म्हणाला, "आज मी ढकलतो हिले." आणि रिकामी मला घेऊन चालू लागला. मी पावलं मोजत होते. चाळीस झाली. तो थांबला नाही. साठ झाली, ऐंशी झाली. लाल रेघ आली तेव्हा तो थांबला. पाय भरून आले म्हणून नाही, माझी वाट तिथे संपते म्हणून.

त्याने पाटी वाचली. कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला आणि माझ्या उशाशी ठेवला. "हे सांभाळ व माय. मी पंडितभाऊले भेटून येतो," असं म्हणून तो रेघ ओलांडून, वहाणा वाजवत, आपल्या पायांनी आत गेला. आणि खरं सांगते मित्रांनो, त्या दाराने आत गेलेल्या सगळ्यांत फक्त त्या दोन पायांचा मला हेवा वाटला नाही.